तडजोड कोणाच्या पाठीवर?

अश्रूंना माझा विरोध नाही. मी कादंबऱ्या लिहितो. वाचकांच्या डोळ्यांना पाणी आणण्याचा उद्योग माझाही आहेच. पण इतिहासाच्या नावाखाली कोणी हे हुकमी हत्यार उपसले, म्हणजे माझ्यातला शाळामास्तर उठून उभा राहतो.

केन बर्न्स या अमेरिकन दिग्दर्शकाची ‘द सिव्हिल वॉर’ ही नऊ भागांची माहितीपट-मालिका. सप्टेंबर १९९० मध्ये ती तिकडच्या दूरचित्रवाणीवर ओळीने पाच रात्री झळकली आणि कोट्यवधींनी पाहिली. १८६१ ते १८६५ या यादवीत सहा लाखांहून अधिक माणसे मेली. सुमारे चाळीस लाख गुलाम मुक्त झाले. जुन्या छायाचित्रांवरून संथपणे फिरणारा कॅमेरा, सैनिकांची घरी लिहिलेली पत्रे आणि सोबतीला व्हायोलिनची ती काळीज पिळवटणारी धून! ती धून त्या युद्धातली नव्हे बरे. जे अंगर यांनी ती १९८२ साली रचली. म्हणजे हुंदकासुद्धा मागाहून आणलेला!

मालिका गुलामगिरी लपवते, असे मी म्हणणार नाही. पहिल्याच भागात ती आहे, फ्रेडरिक डग्लसची वाणी आहे, बार्बरा फील्ड्स या विदुषीचे परखड बोलही आहेत. पण पाहुण्यांच्या पंगतीत चौरंग मिळाला तो शेल्बी फूट यांना. हे गृहस्थ मिसिसिपीचे कादंबरीकार. युद्धावर त्यांनी तीन जाडजूड खंड लिहिलेले. दाढी रुबाबदार, वाणी मधाळ. फील्ड्सबाईंपेक्षा कितीतरी अधिक वेळ तेच बोलतात. आणि सांगतात काय? तर तडजोड हा अमेरिकनांचा खरा गुण. तो ऐनवेळी कमी पडला, म्हणून युद्ध झाले!

वा रे न्याय! तडजोड कमी का पडली होती? १७८७ च्या घटनेत लोकसंख्या मोजताना पाच गुलामांचे तीन माणसे धरले, ती तडजोडच. १८२० साली मिसूरीला गुलामांचे राज्य म्हणून संघात घ्यायचे ठरवले, तीही तडजोड. १८५० साली तर मुक्त राज्यांत पळून आलेल्या गुलामाला पकडून धन्याच्या हवाली करण्याचा कायदा कडक केला. सत्तर वर्षे तडजोडच चालली होती. फक्त ती ज्यांच्या पाठीवर बसून चालली, त्यांना कोणी विचारले नव्हते. आणि खुद्द फूटसाहेबांच्या मिसिसिपीने १८६१ च्या जाहीरनाम्यात फुटून निघण्याचे कारण स्वच्छ लिहून ठेवले आहे : गुलामगिरी.

आता कोणी म्हणेल, “मास्तर, दोन्हीकडे आयांची लेकरेच मेली ना?” मेली. त्यांच्यासाठी खुशाल रडावे. पण दोन्हीकडची दुःखे सारखी, म्हणून दोन्हीकडच्या बाजूही सारख्या, हा हिशेब कुठला? शेवटच्या भागात १९१३ सालचे गेटिसबर्गचे संमेलन दिसते. दोन्हीकडचे म्हातारे सैनिक हस्तांदोलन करतात. प्रेक्षक गहिवरतो. पण त्याच साली अध्यक्ष विल्सन यांच्या सरकारने कित्येक कचेऱ्यांत काळ्या नोकरांना वेगळे बसवायला सुरुवात केली. भाऊबंदकी मिटली खरी. पण ज्याच्यासाठी रक्त सांडले, तो पुन्हा दाराबाहेरच!

हे युद्ध कशासाठी झाले, हे समजायला ना व्हायोलिन लागते, ना पाच रात्री. युद्ध संपून आठच वर्षे झाली होती, तेव्हा १८७३ साली पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक छापले आणि अमेरिकेत गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले. आपल्या देशबांधवांनी तो कित्ता शूद्र बांधवांसाठी गिरवावा, ही त्यांची इच्छा होती. सात समुद्रांपलीकडून त्यांना जे स्वच्छ दिसले, ते मिसिसिपीच्या अंगणात वाढलेल्या रसाळ कथाकाराला धूसर का दिसावे?

वाचकहो, ही मालिका मुलाबाळांना जरूर दाखवा. ती देखणी आहे. मात्र धून सुरू झाली, की आवाज थोडा कमी करा आणि पोरांना एवढेच विचारा : तडजोड झाली असती, तर ते चाळीस लाख कुठे राहिले असते?