झाकण उघडून दाखवा!

लेझरचा विषय निघाला की आमच्या नात्यागोत्यात सरळ दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं, "असले प्रकार बंदच केले पाहिजेत." दुसऱ्याचं म्हणणं, "बाजारात तयार डबा मिळतो, तू इस्त्री घेऊन पत्रे भाजत कशाला बसतोस?" मला विचाराल तर दोघंही एकाच गोष्टीकडे पाठ करून उभे आहेत. डब्याच्या आत काय आहे, याची फिकीर कुणालाच नाही. म्हणून हा प्रपंच. (ज्यांना फक्त भांडण वाचायचंय त्यांनी पुढचे दोन परिच्छेद गाळले तरी चालेल, पण मग वाद घालायला येऊ नये!)

तर मंडळी, लेझर प्रोजेक्टरमध्ये सिनेमासारखी फिल्म वगैरे काही नसते. एक किरण आणि दोन इवलेसे आरसे. एक आरसा किरणाला डावी-उजवीकडे नेतो, दुसरा वर-खाली. आरसा हलवणाऱ्या मोटारीला गॅल्व्हो म्हणतात. सेकंदाला वीस-तीस हजार बिंदू या वेगाने किरण फिरला की बिंदू दिसत नाहीत, अखंड रेष दिसते. लहानपणी पेटती उदबत्ती गोल फिरवून लाल कडं काढायचो, तोच हा खेळ. कॉम्प्युटरकडून आलेल्या आकड्यांचं व्होल्टेज करायचं, ते आरशांना पोचवायचं आणि एक रेष संपून दुसरी सुरू होईपर्यंत किरण विझवायचा, हे काम करणारा बोर्ड मी घरी करतो.

कृती सोपी आहे. आकड्याचं व्होल्टेज करायला बारा बिटांचा डॅक, म्हणजे ४०९६ पायऱ्या. त्यापुढे ऑप-अँप, कारण आरशाला मधल्या शून्यापासून दोन्ही बाजूंना जायचं असतं. सामान लॅमिंग्टन रोडवरून आणायचं आणि कॉपर क्लॅडचा तुकडा काखेत मारून विरार लोकलमध्ये घुसायचं. ट्रॅकचं चित्र लेझर प्रिंटरवर गुळगुळीत कागदावर छापायचं, इस्त्रीने तांब्यावर उतरवायचं, मग फेरिक क्लोराईडच्या पाण्यात नको असलेलं तांबं खाऊ द्यायचं. (मोरीतल्या फरशीवर त्याचे डाग पडतात आणि ते निघत नाहीत. आमच्या मातोश्रींचं या विषयावरचं मत छापण्याजोगं नाही.)

आता भांडण.

लेझर हा दिवा नव्हे. ५०० मिलिवॉटच्या वर गेला की तो चौथ्या, म्हणजे सर्वांत धोकादायक वर्गात मोडतो. डोळ्याचं भिंग किरणाला पडद्यावर एवढ्याशा ठिपक्यात गोळा करतं, त्यामुळे त्याची तीव्रता सुमारे एक लाख पटीने वाढते. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो. एवढ्या ताकदीच्या किरणासाठी पाव सेकंद फार झाला. फिरता किरणही लोकांच्या तोंडावर मारायचा नसतोच. पण आरसे थांबले आणि किरण चालूच राहिला, तर पसरलेली सगळी ताकद एका जागी येते. मग ती नक्षी राहत नाही, खिळा होतो.

आणि आरसे थांबतात. भाद्रपदात आमच्या वसई-विरारमध्ये वीज कशी डोळे मिचकावते हे इथल्या माणसाला सांगायला नको. त्यात टेम्पोवरचा जनरेटर. आरशांना अधिक-उणे असा दुहेरी पुरवठा लागतो. लेझरचा पुरवठा पुष्कळदा वेगळा असतो. आरशांची एक बाजू गेली तरी लेझर मजेत जळत राहतो. काही लेझर ड्रायव्हर तर असे असतात की नियंत्रणाची वायर सुटली की किरण विझण्याऐवजी पूर्ण ताकदीने पेटतो!

यावर उपाय आहेत आणि ते बोर्डावरच असतात. लेझरच्या वायरीला शून्याकडे ओढून धरणारा एक रेझिस्टर, कटिंग चहापेक्षा स्वस्त. आरसा खरंच हलतोय का, हे ड्रायव्हरकडून येणाऱ्या सिग्नलवरून पाहणारं एक छोटं टायमरचं सर्किट: हालचाल थांबली की काही मिलिसेकंदांत लेझर बंद. शिवाय इंटरलॉक. आंतरराष्ट्रीय लेझर डिस्प्ले असोसिएशनने ठरवलेल्या पंचवीस पिनांच्या जोडणीत ४ आणि १७ नंबरच्या पिना खास त्यासाठीच राखून ठेवल्यात. ती साखळी तुटली की किरण विझला पाहिजे. हे सगळं तांब्यात हवं, प्रोग्रॅममध्ये नाही. प्रोग्रॅम लटकतो तेव्हाच तर याची गरज लागते.

आता पहिल्या तटाकडे वळू. २०२३ च्या मिरवणुकांनंतर नाशिकमध्ये काही तरुणांच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याचं तिथल्या नेत्रतज्ज्ञांनी सांगितलं. ऑगस्ट २०२४ मध्ये विषय जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयात गेला, तेव्हा लेझरला रोखणारा खास कायदाच नाही ही अडचण पुढे आली. त्या वर्षी पुणे पोलिसांनी गणेशोत्सवात लेझरवर बंदी घातली. योग्यच केलं. ज्या डब्याची खात्री नाही तो बंदच राहिला पाहिजे. पण अशी बंदी उत्सवापुरती असते. उत्सव संपला की तोच डबा लग्नाच्या हॉलमध्ये, वरातीत हजर. झाकण उघडून आत इंटरलॉक आहे का, हे कुणी पाहिलेलं नसतंच.

दुसऱ्या तटालाही सांगतो. बोर्ड बाहेरून छापून आणा, त्याला सोवळंओवळं नाही. मी घरी करतो कारण आज सुचलेला बदल उद्या तांब्यावर उतरतो. मुद्दा आराखड्याचा आहे. "घरचा बोर्ड म्हणजे सुरक्षित, हे कशावरून?" असं विचाराल तर उत्तर आहे, मुळीच नाही. घरचा बोर्डही वाईट असू शकतो. पण ज्याने एकेक ट्रॅक स्वतः ओढलाय त्याला 'बंद' कुठल्या तारेतून जातं हे सांगता येतं. ज्याने सीलबंद डबा भाड्याने आणलाय त्याला फक्त भाडं सांगता येतं.

सगळ्यात खटकतं ते वेगळंच. वालीव, सातिवली, गोखिवरेच्या गाळ्यांमधून आमची पोरं दिवसभर पॅनेल वायरिंग करतात, प्रेस चालवतात. इमर्जन्सीचं लाल बटण नसलेल्या मशीनवर हात घालायला यांच्यातला जाणता कारागीर नकार देईल. आणि तोच संध्याकाळी मंडळाच्या टेम्पोवर चढून, ना बटण, ना चावी, असा डबा गर्दीकडे तोंड करून चालू करतो. हे ज्ञान आपल्या गावात नाही असं नाही हो! ते कामावरून सुटताना गाळ्यातच ठेवून येतो आपण.

परीक्षा अगदी साधी आहे आणि ती जाणकारानेच घ्यायची: रिकाम्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून, त्या रंगाचा लेझर अडवणारा चष्मा लावून. गॅल्व्होचा पुरवठा तोडायचा. किरण विझला, तर पुढचं बोलू. नाही विझला, तर तो डबा कपाटात.

तेव्हा यंदा वर्गणीला मुलं दारात आली की आनंदाने द्या. फक्त पावती घेण्याआधी एवढंच विचारा, "लेझर आणणार आहात का? मग त्याचं झाकण उघडून दाखवा." आणि आत काय बघायचं हे कळत नसेल तर मला हाक मारा. मी वसईतच असतो, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन येतो.