चाखल्याशिवाय काय कळणार?

आपल्या समाजात अलीकडे एक वाक्य फार चलनात आलंय : ‘वाइन म्हणजे दारू नव्हे.’ जानेवारी 2022 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचं ठरवलं, तेव्हा पुढाऱ्यांच्या तोंडी हेच वाक्य होतं. तिथून ते आपल्या लग्नांच्या पंगतीपर्यंत कधी आलं कळलंच नाही. बियर पिणारा निदान मान खाली घालतो. वाइन पिणारा मान वर करून बोलतो. आणि उलट विचारणारी बाई असली, तर त्याच्याकडे दुसरं वाक्य तयार असतं : ‘तुला काय कळणार? तू कधी चाखलीस का?’

या दोन वाक्यांशी माझं भांडण आहे. भांडायचं तर हलक्या मालाशी भांडू नये, म्हणून मी सगळ्यात वरचा माल घेते. वाइनवाले ज्याचं नाव निघालं की आवाज खाली आणतात ती, बोर्दोची मुरलेली तांबडी वाइन.

बोर्दो हे फ्रान्सच्या नैर्ऋत्येचं शहर. गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या तिथं मिळून गिरोंदची खाडी होते. डाव्या तीराला मेदोकची खडीची जमीन, तिथं काबर्ने सोव्हिन्यो हे जाड सालीचं द्राक्ष जास्त. उजव्या तीराला सेंत-एमिलियों आणि पोमरोल, तिथं मऊ मेर्लो. 1855 साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिथल्या दलालांनी मुख्यतः मेदोकच्या मळ्यांची पाच पायऱ्यांची उतरंड लावली. ती आजही जवळपास तशीच आहे. 1973 मध्ये एक मळा दुसऱ्या पायरीवरून पहिल्या पायरीवर चढला, एवढाच मोठा बदल. उतरंडी कशा टिकतात हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

यातली चांगली बाटली वीस-तीस वर्षं तळघरात आडवी ठेवतात. उघडायच्या आधी एक-दोन दिवस उभी करतात, म्हणजे गाळ तळाला बसतो. मग बाटलीच्या मानेमागं दिवा धरून वाइन सावकाश दुसऱ्या भांड्यात ओततात, गाळ मानेशी आला की थांबतात. पेल्यात थोडीच घेतात. पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग बघतात. कोवळी वाइन जांभळट असते. मुरलेली मधे गडद आणि कडेला विटकरी. मग पेला न हलवता वास घ्यायचा, मग गोल फिरवून पुन्हा. कोवळेपणीचा फळांचा वास मागं पडलेला असतो. देवदार, चिरुटाची पेटी, तंबाखूचं पान, कातडं, पावसात कुजलेला पाला, अळंबी असे वास वर येतात. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, तर बुचानं घात केला. मग घोट. आंबटपणा किती, कच्च्या जांभळासारखा जीभ धरणारा टॅनिनचा तुरटपणा किती मवाळ झालाय, चव तोंडात किती वेळ रेंगाळते. शेवटी गुण द्यायचे. शंभरपैकी गुण देण्याची रीत अमेरिकेच्या रॉबर्ट पार्कर यांनी रूढ केली.

ही सगळी थापेबाजी आहे असं म्हणून सुटता येतं. दाखलेही आहेत. 1976 च्या मे महिन्यात पॅरिसला फ्रेंच परीक्षकांनी नावं झाकून चाखणी केली, तर तांबड्या वाइनमध्ये बोर्दोच्या नामांकित बाटल्या मागं पडून कॅलिफोर्नियाची एक 1973 ची वाइन पहिली आली. ‘आमची उशिरा मुरते’ असं बोर्दोचे अभिमानी म्हणत राहिले. 2006 मध्ये, तीस वर्षांनी, त्याच जुन्या वाइन पुन्हा चाखल्या. पुन्हा कॅलिफोर्नियाच पहिली. 2001 साली बोर्दोतल्याच संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वाइनविद्या शिकणाऱ्या 54 विद्यार्थ्यांसमोर पांढऱ्या वाइनमध्ये बिनवासाचा तांबडा रंग घालून ठेवला. त्यांनी तिचं वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केलं.

पण मी या दाखल्यांवर विसंबणार नाही. डोळा जिभेला फसवतो, तो सगळ्यांच्याच जिभेला. म्हणून विद्या खोटी ठरत नाही. नाक तयार करता येतं, वास लक्षात ठेवता येतात, त्यांना नावं देता येतात. ही विद्या खरी आहे असंच मी धरून चालते.

आता या विद्येतली एक गोष्ट सांगते, जी आपले वाइनवाले सांगत नाहीत. जाणकार थुंकतो. बोर्दोला दर वसंतात नव्या वाइनच्या चाखण्या होतात. परीक्षक दिवसात डझनावारी नमुने तोंडात घेतो, घोळवतो आणि शेजारच्या पिकदाणीत टाकतो. का? गिळत बसला तर दुपारपर्यंत नाकही जाईल आणि अक्कलही. म्हणजे या विद्येच्या पंडितांनीच निकाल देऊन ठेवलाय. जी विद्या आहे ती तोंडात संपते. घशाखाली उतरते ती दारू.

हिशोब साधा आहे. 750 मिलीची बाटली, त्यात 13 टक्के अल्कोहोल, म्हणजे सुमारे 97 मिली. बियरच्या 650 मिलीच्या बाटलीत 5 टक्क्यांनी 32 मिली. वाइनची एक बाटली म्हणजे बियरच्या तीन मोठ्या बाटल्या. आणि तीस वर्षांत टॅनिन मवाळ होतं, वास पालटतात, रंग उतरतो. अल्कोहोल तेवढंच राहतं. तळघरात तप केल्यानं दारूची निर्जरा होत नाही.

‘हृदयाला चांगली’ म्हणतात, त्यांना सांगा, की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 1988 सालीच अल्कोहोलला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. बायकांच्या स्तनाच्या कर्करोगाचा धोका तर थोड्या पिण्यानंही वाढतो. 2023 च्या जानेवारीत याच संघटनेनं स्पष्ट म्हटलं, की आरोग्याला निर्धोक असं अल्कोहोलचं प्रमाणच नाही. आणि ‘शेतकऱ्याचं भलं होतं’ म्हणणाऱ्यांना विचारा, कुठल्या? तासगाव, अथणी, विजापूरची आपली द्राक्षं बहुतेक खाण्याची आणि बेदाण्याची. बोर्दोची बाटली फोडून अथणीच्या शेतकऱ्याच्या पदरात काय पडतं?

आता धर्माचं. ‘नुसता द्राक्षांचा रस तर आहे’ हे मी बसदीच्या आवारातसुद्धा ऐकलंय. बोर्दोची जुनी रीत अशी, की पिंपातली वाइन निवळायला अंड्याचा पांढरा बलक घालायचा; 225 लिटरच्या एका पिंपाला पाच-सहा अंडी. सगळेच घालतात असं नाही, पण ‘नुसता रस’ म्हणणाऱ्यानं हे चौकशी करून बोलावं. अमृतचंद्राचार्यांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात हजारेक वर्षांपूर्वी मद्याला रसात उपजणाऱ्या असंख्य जीवांचं जन्मस्थान म्हटलं. आंबणं हे सूक्ष्म जीवांचं काम आहे, हे पाश्चरनं एकोणिसाव्या शतकात दाखवलं. त्यावरून ‘आमच्या शास्त्रात सगळं आधीच होतं’ अशी आरोळी मी ठोकणार नाही. आचार्यांचा दुसरा मुद्दा मला जास्त मोलाचा वाटतो. मद्य मनाला भुलवतं, भुललेला माणूस धर्म विसरतो आणि बेधडक हिंसा करतो. ही हिंसा घरात कुणाच्या वाट्याला येते, ते बायकांना सांगायला नको.

आणि एक शब्द आपल्याकडे आहे, जो या सगळ्या चाखणीच्या समोर ठेवावा असा आहे : चलितरस. ज्या पदार्थाचा मूळचा रस, वास, रंग पालटला, तो अभक्ष्य. म्हणून पिठाची मर्यादा पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5, थंडीत 7. बोर्दोचा परीक्षक नेमकी हीच गोष्ट शोधतो. रंग कडेला पालटला का, फळाचा वास जाऊन पाल्याचा आला का. तो पालटण्याला गुण देतो, आपण पालटलं की बाजूला ठेवतो. दोघांनाही पालट ओळखावाच लागतो. माझी एक भाची विचारते, ‘आत्या, मग तोंडात घेऊन थुंकलं तर चालेल का?’ तिला मी सांगितलं, बाळ, मद्यत्याग हा मूलगुण आहे. नेम घेतलेल्यानं पळवाट शोधायला लागावं, इतकं त्या पेल्यात काही नाही.

मुद्दा असा, की चलितरस ओळखणार कोण? आपल्या घरात पुरुष नव्हे. तूप कढवताना कुठल्या क्षणी उतरवायचं हे वासावर ठरवणारी, डब्याचं झाकण उघडताच ‘हे पीठ गेलं’ म्हणणारी, डाळीला वास लागलाय हे शिजायच्या आधी सांगणारी बाई असते. निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळून-निवडून ज्यांची आयुष्यं गेली, त्या बायांना तंबाखूच्या पानाचा वास बोर्दोच्या कुठल्याही पंडिताइतका कळतो. तोच वास पेल्यातून आला, की शंभरपैकी पंचाण्णव. वखारीत आला, तेव्हा खोकला आणि तुटपुंजी मजुरी. वासाला किंमत नसते, वास घेणारा कोण त्याला असते.

गेल्या हिवाळ्यात पणजीला नात्यातल्या एका घरी जेवण होतं. यजमानांनी मेदोकची 1996 ची बाटली आणलेली. तासभर ते देवदार आणि कातड्याबद्दल बोलले. मग बायकांच्या हातात रिकामे का होईना पण पेले दिले, फोटोसाठी. एक वहिनी नको म्हणाल्या, तर सगळ्यांसमोर ऐकवलं, ‘खेडवळच राहिलात हो तुम्ही.’ या वहिनी पंचवीस माणसांच्या स्वयंपाकात मीठ न चाखता अंदाजानं घालतात, कारण मुनींच्या आहाराचा स्वयंपाक चाखायचा नसतो. वासावर आणि नजरेवर इतका ताबा असलेल्या बाईला ‘तुला काय कळणार’ म्हणणारा माणूस त्या खोलीत सगळ्यात कमी जाणता होता. अर्धी बाटली रिचवल्यावर तर नक्कीच. त्यानं एकही घोट थुंकला नव्हता.

समाजाच्या वडीलधाऱ्यांनाही दोन शब्द. अण्णा, तात्या, बायकांनी या विषयावर बोलूच नये, असं तुम्ही म्हणता. गोव्याला जाऊन येणाऱ्या मुलग्यांना काही विचारत नाही आणि सुनेनं मात्र पर्युषणात उपास करून दोघांचं पुण्य भरावं म्हणता. मुलगा पितो हे ठाऊक असताना ‘निर्व्यसनी’ म्हणून स्थळ सांगता. नेम एकाचा आणि भार दुसरीवर, हा कुठला श्रावकाचार? आठ मूलगुण श्रावकाला सांगितलेत, श्राविकेला एकटीला नव्हे.

बायांनो, आपल्याला दोन गोष्टी करता येतील. पेला हातात दिला, तर फोटोपुरताही धरू नका, आणि नको म्हणताना कारण देत बसू नका. ‘साकु’ एवढं पुरे. आणि ‘चाखल्याशिवाय काय कळणार’ असं कुणी म्हणालं, तर त्याला शांतपणे विचारा : तुमच्या विद्येत थुंकतात म्हणे, तुमची पिकदाणी कुठाय?