टिकलीएवढे चिन्ह

मैत्रिणींनो, घरी मेतकूट, भाजणी, मसाले करून विकणाऱ्या आपल्यात कितीतरी जणी आहेत. माल चोख, हाताला चव. पण पुडीवरचे चिन्ह पाहावे तर त्यात उगवता सूर्य, कमळ, उखळ-मुसळ, पदर घेतलेली बाई आणि शिवाय नक्षीदार अक्षरांत नाव! सगळे दोन बोटे जागेत. मग गिऱ्हाईक दुकानात म्हणते, "मागच्या वेळचं ते मेतकूट द्या हो," आणि दुकानदार हाताला येईल ती पुडी पुढे करतो. कष्ट तुमचे, विक्री दुसरीची!

म्हणून बोधचिन्ह, म्हणजे लोगो करताना पहिला नियम हा, की एकच गोष्ट दाखवावी. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आठवा. टोक खाली केलेला साधा त्रिकोण, रंग एक. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही लांबून कळे. स्टेट बँकेचे १९७१ सालचे चिन्ह घ्या. निळे वर्तुळ आणि त्यात कुलपाच्या भोकासारखी खाच, बस्स. नाणी नाहीत की तिजोरी नाही.

दुसरे, चिन्ह सहज काढता आले पाहिजे, तरी आपले वेगळेपण त्यात हवे. २०१० साली स्वीकारलेले रुपयाचे चिन्ह डी. उदयकुमार यांनी केले. देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' त्यात एकत्र आले आहेत, वर दोन आडव्या रेघा. वाणीदादासुद्धा ते बिलावर झरझर लिहितात.

तिसरे, चिन्ह टिकलीएवढे केले आणि एकाच शाईत छापले, तरी ओळखू यायला हवे. बारीक रेघा पुसट होतात, जोडाक्षरांची पोटे शाईने भरून जातात. म्हणून नाव चिन्हाच्या बाहेर, जाड आणि सुट्या अक्षरांत लिहावे.

आता घरच्या घरी परीक्षा घ्या. काढलेले चिन्ह सासूबाईंना किंवा शाळकरी मुलाला क्षणभर दाखवा. दुसऱ्या दिवशी कागद-पेन्सिल देऊन आठवेल तसे काढायला सांगा. आठवले ते ठेवा, विसरले ते गाळा. मायेने काढलेले कमळ गाळताना जिवावर येईल, पण गाळाच!

दुसऱ्या कुणाच्या चिन्हाची नक्कल मात्र नको. ती कायद्याच्या अडचणीत आणते आणि आपल्या मालाची ओळखही होऊ देत नाही. खप वाढला की ट्रेडमार्कची नोंदणी करून घ्यावी. ती दहा वर्षे चालते, पुढे नूतनीकरण करता येते. आणि एकदा ठरलेले चिन्ह दर दिवाळीला बदलू नये.

छापखान्यात हजार पिशव्या टाकण्याची घाई करू नका. आधी रबरी शिक्का करून पन्नास पुड्यांवर मारा, दुकानात ठेवा आणि गिऱ्हाईक काय म्हणून मागते ते कान देऊन ऐका.