फुटलेल्या नळीचा हिशेब कोण देणार?

नगर जिल्ह्याला तोफेचा आवाज नवा नाही. खारे-कर्जुने गावाच्या नावावरून ओळखली जाणारी के. के. रेंज नगर, पारनेर आणि राहुरी तालुक्यांच्या माळरानावर पसरली आहे. शहरातल्या आर्मर्ड कोअरच्या प्रशिक्षण केंद्रातून घडणारे रणगाडाचालक आणि तोफची इथेच सराव करतात. २२ सप्टेंबर २०२० रोजी ‘अर्जुन’ रणगाड्यातून लेसरच्या मार्गदर्शनाने जाणारे रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र डीआरडीओने याच रेंजवर यशस्वीपणे डागले. देशाने कौतुक केले आणि ते रास्तच होते.

त्याच महिन्याच्या अखेरीस दिल्लीतून दुसरी बातमी आली. तिची चर्चा दोन दिवसांत विरली.

लष्कराच्या एका अंतर्गत अहवालाचा हवाला देऊन माध्यमांनी छापलेली ती बातमी सदोष दारूगोळ्याची होती. २०१४ पासूनच्या सहा वर्षांत सरकारी आयुध निर्माणींच्या सदोष दारूगोळ्यामुळे सुमारे ९६० कोटी रुपयांचे नुकसान झाले आणि तेवढ्या पैशांत शंभर मध्यम तोफा आल्या असत्या, असे त्या अहवालात म्हटले होते. या काळात दारूगोळ्याशी संबंधित ४०३ अपघात झाले आणि त्यांत २७ जण दगावले, अशी नोंद होती. या निर्माणी चालवणाऱ्या आयुध निर्माणी मंडळाने हे निष्कर्ष नाकारले. अपघातांना तोफेची देखभाल, साठवणूक, हाताळणी अशी इतर कारणेही असतात आणि आपल्या वाट्याला त्यांतला थोडाच भाग येतो, असे मंडळाचे म्हणणे होते. एका बाजूला वापरणारा, दुसऱ्या बाजूला बनवणारा, आणि दोघेही सरकारीच. खरे काय हे ठरवून जनतेला सांगणारा तिसरा कोणीच नव्हता.

दुखणे नेमके इथे आहे.

२ सप्टेंबर २०१७ रोजी पोखरणला घडलेली घटना पाहा. अमेरिकेकडून घेतलेल्या एम-७७७ या नव्याकोऱ्या हलक्या तोफेची चाचणी भारतीय बनावटीच्या गोळ्यांनी चालू होती. एक गोळा नळीतून बाहेर पडतानाच फुटला आणि नळीचे मोठे नुकसान झाले. सुदैवाने कोणी जखमी झाले नाही. दोन वर्षांच्या आतच, मे २०१९ मध्ये, लष्कराने संरक्षण मंत्रालयाकडे दारूगोळ्याच्या दर्जाबद्दल गंभीर तक्रार केल्याचे वृत्त आले. त्यात १०५ मिलिमीटरच्या फील्ड गन, १३० मिलिमीटरच्या तोफा, हवाई संरक्षणाच्या एल-७० तोफा आणि टी-७२, टी-९० व अर्जुन रणगाड्यांच्या मुख्य तोफा यांचा उल्लेख होता. म्हणजे नगरच्या रेंजवर ज्या रणगाड्यांत बसून जवान शिकतात, तेही त्या यादीत होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये नाशिकजवळ देवळालीला सरावादरम्यान गोळा फुटून दोन अग्निवीर गेले. अशा प्रत्येक वेळी चौकशी समिती नेमली जाते. तिचा अहवाल मात्र फार क्वचित लोकांसमोर येतो.

रणगाडा आणि तोफ सरकारच्या मालकीची असते. नळी फुटली तर नवी नळी येते आणि खर्च सरकारी खात्यातून सुटतो. माणूस गेला तर ते नुकसान भरून येत नाही. आता हेच दुखणे बंदुकीचा परवाना असलेल्या एखाद्या शेतकऱ्याच्या घरी नेऊन पाहा.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकारीची बंदूक फक्त नावापुरती शिकारीची उरली. ती आज प्रामुख्याने स्वसंरक्षणासाठी, पीकसंरक्षणासाठी आणि थोड्या घरांत आजोबांची आठवण म्हणून असते. बारा बोअरची दुनळी किंवा इच्छापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेली .३१५ ची रायफल ही त्यातली ओळखीची हत्यारे. वन्यप्राण्यावर गोळी झाडायची तर त्या कायद्याच्या कलम ११ नुसार सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. काडतुसांचीही मर्यादा परवान्यावर लिहिलेली असते. सर्वसामान्य परवानाधारकाला परदेशी काडतुसे मागवता येत नाहीत. ती सवलत नामवंत नेमबाजांपुरती आहे. मग दुकानात मिळते ते घ्यायचे. त्यातले कितीतरी आजवर पुण्याच्या खडकीतल्या १८६९ सालच्या दारूगोळा कारखान्यातून आलेले आहेत. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. दारूगोळ्याची जबाबदारी ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’कडे आली आणि तिचे मुख्यालयही पुण्यातच आहे. खडकी, देहूरोड, वरणगाव, भंडारा, चांदा हे कारखाने महाराष्ट्राच्याच मातीत आहेत. म्हणून या प्रश्नाची आच महाराष्ट्राला इतरांपेक्षा अधिक लागली पाहिजे.

ग्राहकाला निवड नसते, तिथे बनवणाऱ्याची जबाबदारी वाढते. आपल्याकडे नेमके उलटे घडले आहे.

काडतूस बिघडते म्हणजे काय, हे समजून घ्यायला हवे. पुंगळी, तिच्या बुडाशी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी किंवा छर्रे, एवढाच हा मामला. घोडा पडला की टोपी पेटते, दारू जळते आणि वायूच्या दाबाने गोळी सुटते. त्या क्षणी पुंगळी फुगून चेंबरला, म्हणजे नळीच्या मागच्या कप्प्याला, घट्ट बसते आणि वायूला मागे येऊ देत नाही. बारा बोअरच्या नेहमीच्या काडतुसासाठी अमेरिकी मानकानुसार कमाल दाब दर चौरस इंचाला ११,५०० पौंड आहे. .३०८ सारख्या रायफलीत तो ६२,००० पर्यंत जातो. दारू जास्त पडली किंवा चुकीच्या जातीची पडली, तर दाब ही मर्यादा ओलांडतो. पुंगळीचे बूड कच्चे निघाले तर तापलेला वायू बोल्टच्या, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्याच्या, फटींतून मागे, थेट नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांकडे येतो. सर्वांत फसवा प्रकार म्हणजे दारूच न पडलेले काडतूस. टोपीच्या जोरावर गोळी नळीत थोडी सरकते आणि तिथेच अडकते. माणसाला वाटते, बार फुसका गेला. तो पुढचे काडतूस भरतो, चाप ओढतो आणि नळी फुगते किंवा फाटते.

नेमबाजीच्या मैदानावर शिकवला जाणारा साधा नियम परवाना देताना प्रत्येकाला सांगितला पाहिजे. आवाज नेहमीपेक्षा हलका आला किंवा बार झालाच नाही, तर नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवून किमान अर्धा मिनिट थांबावे. मग बंदूक रिकामी करून नळी आरपार मोकळी आहे का ते पाहावे. बोल्ट उघडायला जड जात असेल, टोपी चपटी झाली असेल, पुंगळीला चीर गेली असेल, तर त्या खोक्यातले एकही काडतूस पुन्हा वापरू नये.

कारखान्याची बाजूही ऐकली पाहिजे. बंदूक पन्नास वर्षांची असू शकते, चेंबर झिजलेले असू शकते. दमट कपाटात चार पावसाळे काढलेली काडतुसे दगा देतात. कोणी चुकीच्या मापाचे काडतूस घातलेले असते, कोणी घरी भरलेले. हे सारे घडते. म्हणूनच दोष कोणाचा हे त्रयस्थाने तपासायला हवे. बनवणाऱ्याने स्वतःच स्वतःला निर्दोष ठरवणे पुरेसे नाही. इंग्लंडमध्ये बंदुकीच्या नळ्या तपासून शिक्का मारण्याचा अधिकार लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ च्या सनदेने मिळाला आणि बर्मिंगहॅमचे तपासणी केंद्र १८१३ मध्ये संसदेच्या कायद्याने उभे राहिले. अमेरिकेत विंचेस्टर, हॉर्नडी, फेडरल यांसारख्या कंपन्यांना एखाद्या लॉटमध्ये खोट आढळली की त्या लॉट क्रमांक जाहीर करतात, वापर थांबवायला सांगतात आणि माल परत घेतात. असे केल्याने त्यांची पत बुडालेली नाही.

आपल्याकडे तर हे अधिक सोपे असायला हवे. काडतुसाच्या प्रत्येक विक्रीची नोंद दुकानदाराच्या वहीत होते आणि परवान्यावरही होते. कोणत्या माणसाकडे किती काडतुसे गेली हे शासनाला कळते, तर सदोष लॉट कोणाच्या घरी पोहोचला हे त्याला कळवणे अवघड का जावे? नागरिकावर नजर ठेवायला जी वही चालते, ती नागरिकाचा जीव वाचवायलाही चालली पाहिजे.

नुकसान झालेल्या माणसाने काय करावे? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची स्वतंत्र तरतूद आहे. तिच्यातली एक बारीक गोष्ट इथे फार मोलाची आहे. या तरतुदीनुसार खुद्द सदोष वस्तूचे नुकसान हानीत धरले जात नाही. दुसऱ्या मालमत्तेचे आणि शरीराचे नुकसान धरले जाते. इथे सदोष वस्तू काडतूस आहे आणि फुटलेली रायफल ही दुसरी मालमत्ता. म्हणजे भरपाईचा दावा एका काडतुसाच्या किमतीपुरता राहत नाही, तो बंदुकीच्या किमतीपर्यंत आणि उपचारांच्या खर्चापर्यंत जातो. तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगात करता येते. पारनेरच्या किंवा अकोल्याच्या शेतकऱ्याला खडकीला किंवा दिल्लीला खेटे घालायची गरज नाही. मालाची प्रयोगशाळेत तपासणी करून घेण्याचा अधिकारही आयोगाला आहे.

मात्र पुरावा टिकवला पाहिजे. फुटलेली पुंगळी, उरलेली काडतुसे, लॉट क्रमांक असलेले खोके आणि दुकानाची पावती जपून ठेवावी. बंदूक साफ करू नये, गावातल्या लोहाराकडे तर मुळीच नेऊ नये. दुरुस्तीलाही शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो आणि नळी ठोकून सरळ केली की पुरावाही संपतो, दावाही संपतो. छायाचित्रे काढून पोलीस ठाण्यात आणि दुकानदाराकडे लेखी कळवावे आणि त्याची पोच घ्यावी.

पोलीस ठाण्यात गेले तर आपल्यालाच आरोपी करतील, या भीतीने माणसे गप्प बसतात. ती भीती काढून टाकणे जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांच्या हातात आहे. बंदूक बिघडल्याची प्रामाणिक माहिती देणाऱ्याची नोंद अपघात म्हणून व्हावी. मुंबईत कलिना येथे राज्याची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे आणि तिथे शस्त्रतज्ज्ञ आहेत. नमुना तिथे पाठवावा आणि निष्कर्षाची प्रत मालकाला मिळावी. फुटलेल्या बंदुकीच्या जागी घेतलेल्या नव्या हत्याराची नोंद परवान्यावर ठरावीक मुदतीत व्हावी. वस्तीवर राहणारा माणूस वर्षभर कार्यालयाच्या पायऱ्या झिजवू शकत नाही.

म्युनिशन्स इंडियाने सदोष ठरलेल्या प्रत्येक लॉटचा क्रमांक मराठी, हिंदी आणि इंग्रजीत जाहीर करावा आणि तो माल स्वखर्चाने परत घ्यावा. संरक्षण मंत्रालयाने सरावातल्या अपघातांच्या चौकशीचे निष्कर्ष, गोपनीय तपशील वगळून, संसदेपुढे ठेवावेत. दारूगोळ्याची तपासणी करणारी यंत्रणा आणि तो बनवणारी कंपनी एकाच मंत्रालयाला उत्तरदायी असतील, तोवर निर्णायक चाचणी बाहेरच्या प्रयोगशाळेत व्हावी. नगर जिल्ह्याचे खासदार आणि आमदार के. के. रेंजच्या जमिनीचा प्रश्न वर्षानुवर्षे मांडत आले आहेत. त्याच रेंजवर झाडल्या जाणाऱ्या गोळ्याच्या दर्जाचा प्रश्नही त्यांनी येत्या अधिवेशनात विचारावा.