पाना कुणाच्या हातात?

मैत्रिणींनो, गाडी हा पुरुषांचा विषय, असं आपल्याकडे धरूनच चालतात. बाईच्या वाट्याला मागचं सीट, मांडीवर डबा आणि पिशव्या, आणि घाटात मळमळू नये म्हणून तोंडात आवळासुपारी. आता तालुक्याच्या गावातसुद्धा मुली स्कूटीवर कॉलेजला जातात, शिक्षिका स्वतः कार चालवत शाळेत जातात, हे खरंच. पण बॉनेट उघडलं की आपण पुन्हा दोन पावलं मागे सरकतो. म्हणून आज गाडी घरच्या घरी जोडणाऱ्या माणसांविषयी लिहावंसं वाटलं.

इंग्लंडात ही फार जुनी हौस आहे. अशा गाडीला तिथे ‘किट कार’ म्हणतात. आपण कधी रेडिमेड ड्रेस न घेता ड्रेस मटेरियल आणतो, आपल्या मापानं बेततो, हवा तसा गळा ठेवतो, तसंच हे. कंपनीकडून लोखंडी नळ्यांचा सांगाडा, फायबरची बॉडी आणि नटबोल्टांच्या पुड्या घरी येतात. इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल पुष्कळदा एखाद्या गंजक्या जुन्या गाडीतून काढून घ्यायचे आणि सुटीच्या दिवशी जोडत बसायचं. कुणाचं काम शंभरेक तासांत उरकतं, तर कुणाची गाडी वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली पडून असते. (अर्धवट स्वेटर तुमच्याही कपाटात असेलच!)

कॉव्हेंट्रीजवळ स्टोनली नावाचं ठिकाण आहे. तिथे मे महिन्याच्या सुरुवातीला या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरत आलंय. २०१६ साली मी भाचीकडे गेले होते, तेव्हा तिच्या यजमानांनी आम्हाला तिथे नेलं. मला वाटलं होतं, चकचकीत गाड्या आणि दोरी बांधून ‘हात लावू नका’च्या पाट्या असतील. तर सगळ्यांची बॉनेटं उघडी! जुन्या अमेरिकन ‘कोब्रा’च्या हुबेहूब नकला होत्या, फोक्सवॅगन बीटलच्या बुडाख्यावर बसवलेल्या उघड्या बग्या होत्या आणि सगळ्यांत जास्त होत्या त्या ठेंगण्या, लांबनाक्या, दोन माणसांच्या गाड्या. गाडीपुढच्या पुठ्ठ्यावर इंजिन कुठलं, सांगाडा कुणाचा, बांधायला किती दिवस लागले, ते लिहिलेलं.

एका गाडीशेजारी एक काकू थर्मासमधला चहा ओतत होत्या. पुठ्ठ्यावर नाव एकट्या नवऱ्याचं होतं. मी आपलं विचारलं, तुमचा यात काही हात? तर म्हणाल्या, सगळं वायरिंग मी केलंय, यांना लाल-हिरवा ओळखता येत नाही. म्हणजे दिवे, हॉर्न, वायपर सगळं बाईंचं, आणि पुठ्ठ्यावर त्यांचं नावही नाही. त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. मला मात्र वाटलं.

कारण या हौसेच्या मुळाशीच एक बाई आहे. त्या ठेंगण्या गाड्यांची मूळ आई म्हणजे ‘लोटस सेव्हन’, १९५७ सालची. लोटस म्हटलं की कॉलिन चॅपमन हे नाव सगळे घेतात. त्यांची पहिली गाडी १९४८ मध्ये जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून तयार झाली ती हेझेल विल्यम्स या मैत्रिणीच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजमध्ये. १९५२ साली कंपनी सुरू करताना भांडवल होतं हेझेलनं उसने दिलेले २५ पौंड, त्या वेळच्या दरानं सुमारे ३३३ रुपये. १९५४ साली दोघांचं लग्न झालं. गाड्या जोडायला हेझेलबाई हात लावत आणि शर्यतीतही स्वतः उतरत. डिसेंबर २०२१ मध्ये, ९४ व्या वर्षी त्या गेल्या.

या गाड्या सुट्या का विकत, त्याचं कारणही गमतीचं आहे. तयार गाडीवर तेव्हा तिथे जबर खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता. पण सोबत ‘कशी जोडावी’ याच्या सूचना दिल्या तर कर लागणार. मग म्हणे कंपनीनं ‘गाडी कशी उकलावी’ याच्या सूचना दिल्या, त्या गिऱ्हाइकानं शेवटाकडून वाचायच्या! बाजारातला पदार्थ खाऊन त्यावरून कृती काढणाऱ्या आपण बायकांना हे नवं नाही. १९७३ मध्ये व्हॅट आला, करातली ती सूट गेली आणि त्याच वर्षी लोटसनं ही गाडी बांधायचे हक्क कॅटरहॅम या विक्रेत्याला देऊन टाकले. हौस मात्र मेली नाही. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन नावाच्या शाळामास्तरांनी अडीचशे पौंडांत स्पोर्ट्‌स कार कशी बांधावी, यावर चक्क पुस्तक काढलं. जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे भाग, लोखंडी चौकोनी नळ्या आणि वेल्डिंग. अडीचशेत ती सहसा होत नाही, घर बांधताना होतं तसंच. पण पुस्तक वाचून असंख्य लोक कामाला लागले.

आता तुम्ही विचाराल, परसात जोडलेली गाडी रस्त्यावर आणायची, तर तिचे ब्रेक लागतील कशावरून? मलाही तेच वाटलं. तिथे त्यासाठी परीक्षा आहे. १९९८ पासून ती सुरू झाली आणि २००९ पासून जास्त कडक झाली. सरकारी तपासनीस एकेक गाडी बघतो. ब्रेक, स्टिअरिंग, पट्टे, दिवे, आरसे, धूर, आवाज सगळं तपासतो. स्पीडोमीटर खरं दाखवतो का बघतो. बाहेरच्या कडासुद्धा गोलसर लागतात, म्हणजे रस्त्यावरच्या कुणाला खरचटू नये. नापास झालात तर काय चुकलं ते लिहून देतात. दुरुस्त करा, फी भरा, परत या. पास झालात की नंबर मिळतो.

आणि आपल्याकडे? सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, २०२१ च्या डिसेंबरात एकदम चर्चेत आलं. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेखातर भंगारातले भाग जमवून छोटी जीप बनवली. फॅब्रिकेशनचं काम करणारा माणूस, खर्च साधारण साठ हजार रुपये, आणि जीप सुरू व्हायची मोटारसायकलसारखी किक मारून. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, पण तेव्हाच सांगितलं की नियमात बसत नाही म्हणून कधी ना कधी ही गाडी अडवली जाणार. जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी लोहार कुटुंबाला नवी बोलेरो दिली आणि ती छोटी जीप कंपनीकडे गेली.

गोष्ट गोड आहे, मी पण टीव्हीसमोर बसून डोळे पुसले. पण जरा थांबून बघा. एका कारागिराच्या कामाची कदर करायची तर ते काम त्याच्याकडून काढून घेऊन तयार गाडी द्यावी लागली, कारण दुसरा रस्ताच नव्हता. आपल्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत फेरफार करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. अपंग व्यक्तीसाठी गाडीत बदल करायला परवानगी मिळते, ते चांगलंच आहे. पण नवीन गाडी रस्त्यावर आणायची तर आधी नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून घ्यायचा. हजारो गाड्या विकणाऱ्या कंपनीला ते झेपतं. एकच गाडी बनवणाऱ्यानं काय करायचं?

नियम मोडावेत, असं मी मुळीच म्हणत नाही. वेल्डिंग तुटून पोरंबाळं रस्त्यावर पडण्यापेक्षा बंदी बरी. भंगाराच्या जुगाडांवर माणसं कशी भरतात ते आपण पाहतोच. पण नुसत्या टाळ्या किंवा नुसती बंदी, एवढंच आपल्याला जमतं. मधली परीक्षा आपण ठेवलेलीच नाही. प्रत्येक जिल्ह्याला आरटीओ आहे, ठिकठिकाणी इंजिनीअरिंग कॉलेजं आहेत. एकट्यादुकट्या गाडीची तपासणी करून पास-नापास सांगायला आणि पास झाली तर कमी वेगाचा, कमी अंतराचा परवाना द्यायला काय हरकत आहे? नापास झालेल्यालासुद्धा निदान कळेल तरी, कुठला जोड कच्चा राहिला ते.

कॉलेजच्या पोरांना हे मिळतं, बरं का. २००७ पासून मध्य प्रदेशात पीथमपूरला ‘बाहा’ नावाची स्पर्धा होत आली आहे. विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेली बग्गी आणायची, आधी तपासणी, मग खडबडीत मैदानावर धावायचं. त्यात नुसत्या मुलींचे संघही उतरलेत. हाताला ग्रीस, कपाळाला घाम. त्यांच्या आयांनी सुरुवातीला काय म्हटलं असेल, ते मला ऐकू येतं!

ही आई आपल्यातलीच. आणि तिला यंत्र कळत नाही, हे मला पटत नाही. शिलाई मशीनचा बॉबिन केस काढून दोरा कुठे अडकलाय ते कोण बघतं? तेल कोण घालतं, सैल झालेला पट्टा कोण आवळतं? कुकरची रिंग, मिक्सरचा कपलर, शेगडीचा बर्नर, सगळं आपल्याच हातचं. मग स्कूटीचा प्लग काळा पडला की दिराची किंवा शेजारच्या पोराची वाट का बघायची? प्लगचा पाना टूलकिटमध्येच असतो. इंजिन थंड झाल्यावर एकदा काढून, पुसून, परत लावून बघा.

मुलगी दहावीत असेल तर आणखी एक. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स मुलींनाही खुला असतो. निकालानंतर अर्ज सुरू होतात, तेव्हा ब्युटी पार्लर आणि शिवणकामाबरोबर तोही रकाना तिला दाखवा, आणि तिनं तो भरला तर ‘हे काय मुलींचं काम आहे?’ म्हणणाऱ्या आजोबांशी आधी तुम्हीच बोलून घ्या.