सोहळ्यानंतरची सकाळ

वर्धापनदिनाच्या निमित्ताने देणगीदारांना भोजनास पाचारण करायचे, कार्याची महती सांगायची आणि त्या एका रात्रीत वर्षभराच्या खर्चाची तरतूद पाहायची, हा अमेरिकेतील सेवाभावी संस्थांचा जुना परिपाठ आहे. इस्पितळे, विद्यापीठे, संग्रहालये यांसाठी असे सोहळे होतात तेव्हा कोणालाच नवल वाटत नाही. तुरुंगातून सुटून आलेल्यांसाठी तो भरतो तेव्हा मात्र, समाजाची या माणसांविषयीची जबाबदारी एका रात्रीच्या औदार्यावर सोडता येते काय, हा प्रश्न त्याच्यासोबतच उभा राहतो. लॉस एंजेलिसच्या 'होमबॉय इंडस्ट्रीज' या संस्थेची वाटचाल त्या दृष्टीने तपासण्याजोगी आहे.

बॉइल हाइट्स या गरीब वस्तीतील डोलोरेस मिशन चर्चचे धर्मगुरू ग्रेगरी बॉइल यांनी १९८८ मध्ये हे काम आरंभिले. टोळीयुद्धात बळी पडलेल्या तरुणांचे अंत्यविधी करताना, या मुलांना कोणी कामच देत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. १९९२ मध्ये बेकरी सुरू झाली. कालपर्यंत एकमेकांवर बंदुका रोखणारे तिथे एकाच कणकेत हात घालू लागले. पुढे उपाहारगृह, समुपदेशन, कायदेविषयक मदत आणि टोळीच्या खुणा सांगणारे गोंदण विनामूल्य काढून देण्याची सोय, असा व्याप वाढत गेला. 'लो माक्सिमो' या नावाने होणाऱ्या संस्थेच्या वार्षिक सोहळ्यात देणगीदारांबरोबर या तरुणांचाही सन्मान होतो. २०२० मध्ये संस्थेला २५ लाख डॉलरचा हिल्टन मानवसेवा पुरस्कार मिळाला, तर २०२४ मध्ये बॉइल यांना अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान. २०२८ मध्ये संस्था चाळीस वर्षांची होईल.

या कीर्तीच्या झगमगाटात २०१० सालचे स्मरण ठेवणे अगत्याचे आहे. मंदीची झळ बसली, मदत मागणाऱ्यांची रीघ वाढली आणि देणग्यांचा ओघ आटला. त्या मे महिन्यात संस्थेला तीनशेहून अधिक जणांना कामावरून कमी करावे लागले. स्वतः बॉइल यांचेही वेतन थांबले. त्याच वर्षी पुढे लॉस एंजेलिस काउंटीने सुमारे १३ लाख डॉलरचे कंत्राट दिले, तेव्हा थोडी उसंत मिळाली. दातृत्वाची मर्यादा येथे उघड होते. बाजार कोसळला की नोकरीच्या रांगेतून पहिल्यांदा बाहेर काढला जातो तो पूर्वायुष्यावर शिक्षेचा शिक्का असलेला माणूस, आणि नेमक्या त्याच वेळी दात्याचा हातही आखडतो. गरज आणि मदत यांची चाके अशी उलट दिशांना फिरतात.

तेव्हा हा भार सरकारनेच उचलावा, असे म्हणणे सोपे आहे आणि त्यात तथ्यही आहे. अमेरिकी न्याय खात्याच्या सांख्यिकी विभागाने २००५ मध्ये तीस राज्यांच्या तुरुंगांतून सुटलेल्यांचा मागोवा घेतला. नऊ वर्षांत त्यांतील ८३ टक्के लोकांना पुन्हा अटक झाली. या अपयशाची किंमत करदाता मोजतच असतो. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २०१४ मध्ये 'प्रस्ताव ४७' संमत करून किरकोळ गुन्ह्यांच्या शिक्षा सौम्य केल्या आणि तुरुंगावरचा वाचलेला पैसा उपचार, शिक्षण व पीडितांचे साह्य यांकडे वळविला. परंतु त्याच मतदारांनी २०२४ मध्ये 'प्रस्ताव ३६' मोठ्या बहुमताने स्वीकारून त्यातील काही भाग फिरविला. म्हणजे सरकारी निधीही लोकमताच्या वाऱ्यावरच हेलकावतो.

अशा सोहळ्याचे खरे प्रयोजन कदाचित येथेच सापडते. धनादेशांची बेरीज दुय्यम. उद्योजक आणि काल सुटलेला कैदी एका मेजावर बसतात, तेव्हा जो संकोच ढळतो तो महत्त्वाचा. मात्र त्यातही एक धोका संभवतो. व्यासपीठावर येते ती यशोगाथा. दोनदा घसरलेला, अजून न सावरलेला माणूस तिथे नसतो, आणि मदतीची निकड तर त्यालाच सर्वाधिक असते. श्रोत्यांना गहिवर आणणारी कहाणी हीच मदतीची पात्रता ठरू लागली, तर दयेच्या जागी निवड येते.

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे औंध संस्थानाने १९३९ मध्ये कैद्यांची खुली वसाहत वसविली. व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ'ची प्रेरणा तीच. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'प्रयास' प्रकल्पाने १९९० पासून कैदी व सुटलेल्यांच्या पुनर्वसनाचे काम चालविले. तरीही चित्रपटाला दाद देणारे आपण, तुरुंगातून आलेल्याला घर भाड्याने देताना मागेपुढे पाहतो. देशातील तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस ५ लाख ७३ हजारांवर बंदी होते आणि त्यांतील सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी, म्हणजे न्यायालयाने अद्याप दोषी न ठरविलेले होते. यांतील बहुतेक जण आज ना उद्या आपल्याच गल्लीत परतणार आहेत.

म्हणून अशा वर्धापनदिनाचे मोजमाप त्या रात्रीच्या टाळ्यांनी होऊ नये. पाहुण्यांपैकी किती जणांनी दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या कारखान्याचे, दुकानाचे, इमारतीचे दार उघडले, हे विचारले जावे. देणगी देऊन माणूस ऋणमुक्त होतो, ही समजूत सोयीची खरी. पण सुटलेल्या कैद्याला भेडसावणारा पहिला प्रश्न असतो तो उद्या कामावर कुठे जायचे, हाच.