घरची शाळा : पुस्तके कोणती घ्यावीत?

मैत्रिणींनो, या खेपेला एकाच विषयावरची दोन पत्रे पुढ्यात आहेत. पहिले शिरूरचे. यजमान रांजणगावच्या एमआयडीसीत, शिफ्ट सारखी बदलती. या भगिनी घरी शिवणकाम करतात. आठ वर्षांच्या मुलाला दम्याचा त्रास, शाळा सारखी बुडते, म्हणून यंदा घरीच शिकवायचे ठरले आहे. कोणीतरी एक इंग्रजी संच दाखवला. किंमत महिन्याच्या किराण्याहून जास्त. त्या विचारतात, "मला दिवसाला दीड तासच मिळतो. सोपा अभ्यासक्रम कोणता?"

ताई, दीड तास पुष्कळ झाला. शाळेत एका बाईंपुढे वर्गभर मुले असतात, तुमच्यापुढे एकच आहे. प्रश्न वेळेचा नाही, पुस्तकाचा आहे. मशीनवरून उठून, हात पुसून पुस्तक उघडले की धडा सुरू करता आला पाहिजे. शिकवण्याआधी आईलाच तासभर अभ्यास करावा लागत असेल, तर तो संच चार दिवसांत कपाटावर जातो. पैसे गेले ते गेले, आणि वर मनाला टोचणी!

माझ्या मते बहुतेक घरांना बालभारतीची पुस्तकेच बरी. पुण्यात २७ जानेवारी १९६७ रोजी ही संस्था स्थापन झाली, तेव्हापासून तुम्ही-आम्ही याच पुस्तकांवर वाढलो. ती आपल्या भाषेत आहेत, म्हणजे आई दमली तर वडील किंवा आजोबाही धडा घेऊ शकतात. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर ती फुकट उतरवून घेता येतात. मुख्य म्हणजे, मूल पुढे शाळेत गेले तर तिथे हीच पुस्तके ओळखीची निघतात.

दीड तासाची वाटणी अशी करून पाहा. अर्धा तास गणित, अर्धा तास मराठीचे वाचन-लेखन, उरलेल्यात एक दिवस इंग्रजी, एक दिवस परिसर अभ्यास. शिफ्ट बदलली की तास सकाळचा संध्याकाळी न्या, पण मोडू नका. दम्याचा जोर असेल त्या दिवशी नुसती गोष्ट वाचून दाखवा, तोही अभ्यासच. एक वही ठेवून रोज तारीख आणि काय झाले, ते दोन ओळींत लिहा. उद्या कोणी विचारले, तर ही वहीच तुमची साक्षीदार.

साहित्यासाठी बाजारात धावू नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे कोसबाडला नेले. तिथे आदिवासी मुलांना शिकवताना बिया, खडे, शिंपले हीच त्यांची साधने होती. तुमच्याकडे तर शिवणाची टेप आहे! मोजमाप आणि अपूर्णांक शिकवायला याहून चांगले साधन कोणते? आठवड्याच्या बाजारातल्या कांद्या-बटाट्याचा हिशेबही त्यालाच करू द्या.

आता महत्त्वाचे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यात घरी शिकवण्याची वेगळी तरतूद नाही, म्हणून पुढचा रस्ता आपणच आधी पाहून ठेवावा. याच कायद्याने ६ ते १४ वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. तब्येत सुधारली की तो परत शाळेत जाऊ शकतो. तोवर घरीच राहिला, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष परीक्षा आहेत. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाच्याही पाचवी, आठवीच्या आहेत. दहावीला बोर्डाचा सतरा नंबरचा फॉर्म असतोच. वयाच्या अटी आणि तारखा अर्जाआधी नीट वाचा, आणि शाळा सोडल्याचा दाखला जिवापाड जपा.

दुसरे पत्र दौंडचे. यजमान रेल्वेत, या स्वतः दुकानात नोकरीला. मुलगी पाचवी झाली. सासूबाई म्हणतात, "आता तिला घरीच शिकवा. तीन वर्षांच्या धाकट्याकडे लक्षही राहील." या भगिनीही सोपा अभ्यासक्रमच विचारतात.

तुम्हाला मात्र मी पुस्तकाचे नाव सांगणार नाही. दुखण्यामुळे घरी शिकणे वेगळे आणि भावाला सांभाळायला घरी राहणे वेगळे. तुम्ही दोघे कामावर गेल्यावर पुस्तक उघडण्याआधी धाकटा कडेवर येईल, मग भांडी, मग भाकऱ्या. वर्ष कधी संपले, ते कळायचेही नाही. अडचण धाकट्याची आहे ना? मग तीच सोडवा. तीन वर्षांचे मूल अंगणवाडीत बसू शकते. उरलेले दोन-तीन तास तुमची दुकानाची वेळ, यजमानांची ड्यूटी आणि सासूबाईंची दुपार यांत वाटून घ्या. सासूबाईंशी वाद नको. "आई, पोरीची शाळा सुरू राहू द्या, धाकट्याचं आपण तिघं मिळून बघू," असे यजमानांनीच सांगावे. मुलाने आईला सांगितलेले जास्त पोचते, हो ना?

आणि मुलीचे नाव सहावीच्या पटावर चढल्याशिवाय राहू नका. गाड्यांचे वेळापत्रक घेऊन संध्याकाळी तिच्याशी गणिते जरूर सोडवा, पण शाळेतून आल्यावर.